ब्लाउजची माया

अगं छोटे, सगळे ब्लाउज शिंप्याकडे टाकलेस म्हणे. टाकायलाच हवेत, चौदा किलो उतरल्यावर खांद्यावरून घसरणारे ब्लाउज घालून कोण हिंडणार? पण आई सांगत होती, तू त्याला म्हणालीस, ‘आत घ्या आणि वरची माया कापून टाका, आता लागायची नाही.’ कापली का त्याने? नसेल कापली तर आधी त्याला फोन कर. मग चहा घेऊन निवांत बस, मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझ्या आनंदावर विरजण घालत नाहीये गं. मी स्वतः हेच करून बसले होते, म्हणून जीव तुटतो. २०१४ साली मी ८१ वरून ६६ वर आले होते, आठवतं ना? तुझ्या साखरपुड्यात ती मोरपंखी पैठणी नेसून कशी मिरवत होते! त्या ब्लाउजची माया मी अशीच कापून घेतली होती, अगदी शिवणीलगत. दोन वर्षांनी तुझ्या लेकीच्या बारशाला तीच पैठणी काढली, तर एकही हूक लागेना. उसवून काय करणार, आत कापडच नव्हतं. शेवटी काळा सुती ब्लाउज चढवला आणि ‘हल्ली कॉन्ट्रास्टचीच फॅशन आहे’ असं दिसेल त्याला सांगत सुटले. तेव्हा तुला बोलले नाही. ७९ किलो झाले होते मी.

ते तेरा किलो कसे परत आले याचं उत्तर मी बरीच वर्षं एकच देत होते: मी आळशी, माझा जिभेवर ताबा नाही. सासूबाईंचंही तेच मत होतं. ज्या डाएटवाल्या बाईंकडे मी बावीस हजार भरले होते त्यांचंही तेच. त्यांनी तीन महिने रोज काय खायचं त्याचा छापील कागद दिला, वजन उतरल्यावर माझा ‘आधी आणि नंतर’चा फोटो भिंतीवर लावला. मी विचारलं, आता पुढे काय खाऊ? तर म्हणाल्या, पुढचं पॅकेज आहे ना. उतरवायचा कागद होता, पण उतरल्यावर जगायचं कसं याचा कागद कुणाकडेच नव्हता.

मग मीच वाचायला लागले. मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं, ते ऐक. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी खाण्यावर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो उतरले, म्हणजे जवळपास तुझ्याएवढेच. मग वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. ते संशोधन २०११ साली छापून आलं. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, ते मेंदूला कळवतं की कोठार भरलेलं आहे, काळजी नको. ते त्या लोकांत वर्षानंतरही कमीच होतं. आणि जठरातून येणारं घ्रेलिन, जे भूक चाळवतं, ते वर्षानंतरही चढंच. डाएट संपून वर्ष उलटलं तरी शरीर आपलं दुष्काळ पडल्यासारखं वागत होतं. आणि त्या लोकांनीही सांगितलं, आम्हाला आधीपेक्षा जास्त भूक लागते.

दुसरं त्याहून कठीण आहे. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा लागायची, ‘द बिगेस्ट लूझर’. केव्हिन हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी गाठलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो घालवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि नुसतं पडून राहिल्यावर त्यांच्या अंगाने जेवढं जाळायला हवं, त्यापेक्षा रोज ५०० कॅलरी कमी जळत होत्या. सहा वर्षांनंतरही! त्याच हॉलने मांडलेला हिशेब असा आहे की एक किलो उतरला की रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक शंभरेक कॅलरींनी वाढते. शंभर म्हणजे तुपाचं बोट लावलेली एक पातळ पोळी समज. तू तर चौदा किलो उतरवलेस.

तेव्हा परवा रात्री दहाला तू फ्रिज उघडून उभी होतीस आणि मला मेसेज केलास की ‘ताई, मी किती हावरट आहे’, तो शब्द पुन्हा वापरायचा नाही. भूक खरी आहे. तिच्याशी भांडून काही होत नाही, तिची सोय करायची असते. मी तिच्याशी भांडले. दिवसभर काकडी चावायची आणि रात्री अर्धा डबा चिवडा उभ्याउभ्या खायचा, हे माझं दोन वर्षांचं भांडण.

आता रात्रीच्या जेवणात उसळ किंवा पिठलं किंवा दोन अंडी असल्याशिवाय मी ताटावर बसतच नाही. नुसत्या फोडणीच्या भातावर झोपलेलं पोट अकराला उठतं, हे मला पक्कं कळलंय. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर थोडं मांसही जातं, ते भरून यायला डाळी-उसळी लागतात आणि थोडं वजनही उचलावं लागतं. मी पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या उचलते. नवरा हसतो. हसू दे.

काट्याचं सांगते. २०१५ च्या दिवाळीत मी वजनकाटा माळ्यावर टाकला. फराळ संपला की काढू म्हटलं. काढला तो आषाढात, तोही पाहुण्यांच्या गाद्या काढताना हाताला लागला म्हणून. मधल्या काळात मला ठाऊक होतं गं. परकराच्या नाडीचा वळ कमरेवर कसा उमटतो ते रोज रात्री दिसत होतं, पण आकडा बघितला नाही म्हणजे झालंच नाही, असा माझा न्याय. दोन किलोंवर पाहिलं असतं तर दोन किलोंचंच काम होतं. नऊ किलोंवर पाहिलं, तेव्हा हातपाय गळले आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून मी आणखी चार चढवले.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये संशोधक रीना विंग यांनी याच गोष्टीचा प्रयोग केला, २००६ साली छापला. ज्यांनी नुकतंच वजन उतरवलंय अशा ३१४ लोकांना घेतलं. काहींना नुसती पत्रकं पाठवली, काहींना इंटरनेटवरून शिकवलं, काहींना समोरासमोर भेटायला बोलावलं. शिकवलेल्यांना रोज वजन करायला सांगितलं आणि सिग्नलसारखे तीन रंग दिले. हिरव्यात असलात तर मजा करा, पिवळ्यात गेलात तर जरा लक्ष द्या, लाल झालं तर पहिल्यासारखं उतरवायला लागा. दीड वर्षानंतर नुसत्या पत्रकवाल्यांतले ७२ टक्के लोक सव्वादोन किलो किंवा जास्त चढले होते. समोरासमोर भेटणाऱ्यांतले ४६ टक्के. म्हणजे सगळ्यांत चांगल्या गटातही जवळजवळ निम्मे चढलेच. हा आकडा मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. तू चढलीस तर तू एकटी नालायक नाहीस, एवढं लक्षात राहू दे.

मी २०१७ मध्ये पुन्हा सुरू केलं, यावेळी मुंगीच्या पावलांनी. दीड वर्ष लागलं ६८ वर यायला. माझा हिरवा ६७ ते ७०. त्याच्या वर गेले की दुसऱ्या दिवसापासून, महिनाअखेरीची वाट न बघता, रात्रीचा भात बंद आणि चालणं वीस मिनिटं जास्त. एवढंच. पूर्वी ६६ म्हणजे ६६ असा हट्ट होता, ६७ दिसले की दिवसभर चिडचिड. आता वरचे दोन-तीन किलो मी धरूनच चालते. शिंपी ठेवतो तसं. तूही तुझा आकडा असा ऐसपैस ठरव, आणि तो डाएटवाल्यांनी सांगितलेला नको, तुला महिनोन्‌महिने जगता येईल असा हवा.

काट्याच्या दोन खोड्या माहीत असू देत. पाळी यायच्या आधी किलो-दीड किलो पाणी साठतं. लग्नाचं जेवण झालं की दुसऱ्या सकाळी काटा दीड किलो वर दाखवतो, तीही चरबी नसते, मीठ आणि पाणी असतं; तीन दिवसांनी बघ. आणि एक, आमच्या बिल्डिंगमध्ये एक कॉलेजची मुलगी आहे, दिवसातून पाचदा काट्यावर चढायची आणि आकडा बघून जेवण टाकायची. तसं व्हायला लागलं तर काटा देऊन टाक आणि मला सांग, मग डॉक्टरकडे जाऊ. आकड्यापेक्षा तू महत्त्वाची आहेस.

आता स्वयंपाकघरात ये, कारण माझं खरं वजन तिथे वाढलं. ताटावर नाही, ताटं उचलताना. पोराने अर्धी पोळी टाकली, ती तोंडात. कढईत चमचाभर बटाट्याची भाजी राहिली, एवढ्यासाठी कुठे डबा काढायचा, तीही तोंडात. सासऱ्यांना शिरा गोड झाला, मग वाटीभर उरला. ‘अन्न टाकू नये’ हे आपल्याला कळायला लागल्यापासून शिकवलं, पण घरातलं न टाकायचं सगळं अन्न एकाच बाईच्या पोटात जावं हे कुणी ठरवलं? आपली आई आठव. सगळ्यांचं झालं की पातेल्याशी बसून खरवड खायची, आणि लोक म्हणायचे, वहिनी काही खात नाहीत तरी अंग कसं सुटलंय.

मी काय केलं सांगू? आधी मापं बदलली. तांदळाची वाटी बदलून लहान आणली, कणीक दोन पोळ्यांची कमी भिजवते. कमी पडली तर पडली, दूध-पोहे आहेत. चार बारके झाकणाचे डबे घेतले, चमचाभर उरलं तरी डब्यात. उरलेल्या वरणात सकाळी कणीक भिजवते, त्याचे पराठे मुलांना आवडतात. आणि घरात जाहीर केलं की ज्याच्या ताटात उरलं त्याने ते संध्याकाळी खायचं. पहिला आठवडा आकांडतांडव झालं. मग पोरं मागून घ्यायला शिकली. तेलाचंही तसंच, बुधल्यातून धार सोडायची सवय होती, आता चमच्याने घालते, आणि चौघांना महिन्याला दोन लिटरच्या वर पिशवी फोडायची नाही. हे सगळं अगदी क्षुल्लक वाटतं ना? मला त्या अख्ख्या डाएटपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवायचं की दिवेकरांचं दर दोन तासांनी खायचं, यावर मात्र माझ्याशी वाद घालू नकोस. २०१८-१९ मध्ये आपल्या फॅमिली ग्रुपवर त्यावरून दोन आत्या बोलेनाशा झाल्या होत्या. जे तुला दहा वर्षं करवेल ते तुझं.

चालण्याला मात्र पर्याय नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवलीय, रीना विंग आणि जेम्स हिल यांनी सुरू केलेली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलं असेल तरच नाव घालतात, आणि दहा हजारांवर लोक आहेत तिच्यात. उतरवायच्या तऱ्हा प्रत्येकाच्या वेगळ्या, पण टिकवायच्या बऱ्याच सारख्या. दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक चालतातच. चारातले तीन आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. त्या टीव्ही स्पर्धेतल्या लोकांतही ज्यांनी टिकवलं, त्यांची हालचाल न टिकवणाऱ्यांपेक्षा कितीतरी वाढलेली निघाली. उतरवताना खाणं कमी करणं पुढे असतं, टिकवताना पाय पुढे येतात.

तास म्हटल्यावर तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे नाशकात दिसतंय. सलग कोण म्हणतंय? मी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पस्तीस मिनिटं चालते, बाकीचं भाजीला जाताना, आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. पावसात जिने. तुझं तर ठाणं आहे, स्टेशनचे पूल चढून उतरूनच निम्मं काम होईल, आणि रविवारी तलावपाळीला लेकीला घेऊन जा. एक मैत्रीण मात्र जोडून घे. एकटीचं चालणं तिसऱ्या आठवड्यात गळतं. माझ्याबरोबर एक निवृत्त बाई येतात, सत्तरीच्या. त्या गेटवर वाट बघत उभ्या असतील या लाजेने मी किती सकाळी उठलेय याची गणतीच नाही.

सणांचं विचारत होतीस. आपल्याकडे महिना रिकामा जातो कुठे? संक्रांतीचा तिळगूळ, चैत्राची आंबेडाळ, मग आमरस, मग मोदक, मग फराळ, मध्ये लग्नसराई. आणि उपास! एकादशी अन् दुप्पट खाशी, ते काही उगाच नाही म्हणत. शेंगदाण्याचा कूट घालून परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी. मी उपास सोडले, सरळ जेवते. देवाला चालतं, सासूबाईंना चालायला तीन वर्षं लागली. फराळ मात्र सोडला नाही. सोडून बघितला होता पहिल्या खेपेला. दहा दिवस हात लावला नाही आणि अकराव्या दिवशी सहा बेसनाचे लाडू. आता फराळ असला की चहाबरोबर एक लाडू किंवा दोन चकल्या, रोज, संपेपर्यंत. त्या नोंदवहीतल्या लोकांतही असंच दिसलं की जे सुट्टीत आणि रोज साधारण सारखंच खातात, त्यांचं जास्त टिकतं. रविवारची मिसळ मी खातेच. नाशिकला राहून मिसळ नाही खायची तर घर विकून जावं. दोन पाव, तर्री अर्धी, आणि नंतरची जिलबी नाही.

अजून एक, याची तयारी ठेव. आता सगळे ‘किती छान दिसतेस’ म्हणतायत ना, ते सहा महिन्यांत थांबेल. लोकांना सवय होते. उतरवताना दर आठवड्याला कुणीतरी टाळी देतं; ६८ चे ६८ राहिले याचं कौतुक कुणी करत नाही. उलट ‘गाल बसले गं’, ‘शुगर वगैरे निघाली का?’, ‘आता पुरे, आजारी दिसतेस’ असं म्हणून एक पुरणपोळी जास्त वाढतात. मला हाच काळ सगळ्यांत जड गेला. कंटाळा, नुसता कंटाळा. म्हणून रविवारी सकाळी तुझा आकडा मला पाठवायचा, मी माझा पाठवीन. वाढला असला तरी पाठवायचा. मी एक शब्द बोलणार नाही, फक्त ‘बघितला’ म्हणेन.

आणि तुझ्या ऑफिसातल्या त्या मैत्रिणीचं वजन उतरवायचं इंजेक्शन. तिला नावं ठेवू नकोस. त्या औषधांनी भूक खरंच उतरते. पण त्यातलंच सेमाग्लुटाइड बंद केलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलेलं दिसलं. म्हणजे तिथेही पुढचा कागद लागतोच. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं लांबचं औषध म्हणून बघायचं की नाही, ते तिने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवावं.

काट्यावरून आठवलं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगतायत की आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो, पोटाशी विशेष. म्हणून काट्याबरोबर महिन्यातून एकदा टेपही लाव. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. माझी ८३ आहे. प्रयत्न चालू आहेत.

एक बरी बातमी राहिलीच. दोन वर्षं, मग पाच वर्षं असं टिकत गेलं की पुढे टिकण्याची शक्यता खूप वाढते, असं त्या नोंदवहीतून दिसलंय. मला स्वतःला तिसऱ्या वर्षानंतर हलकं वाटायला लागलं. भूक गेली नाही, पण तिचा आवाज ओळखीचा झाला. पहिली दोन वर्षं तेवढी पदर खोचून काढ.

त्या मोरपंखी पैठणीवर मी २०१९ मध्ये नवा ब्लाउज शिवला. शिंप्याने विचारलं, माया किती ठेवू? म्हटलं, दीड इंच ठेवा. लॉकडाऊनमध्ये बनाना ब्रेड आणि डालगोना कॉफी करून मी ७३ वर गेले, तेव्हा तो दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच उसवला आणि भाचीच्या मुंजीला, हो, मुलीचीच मुंज, घालून गेले. पुढच्या वर्षी परत आत घेतला. जुन्या शिवणीची भोकं काखेत अजून दिसतात, पण पदर येतो त्यावर.

लागला का शिंप्याचा फोन?